बरड बांधाचा रोहिडा : लावायचा कुणी आणि तोडायचा कुणी?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कपाशीच्या भावावर आणि दादरच्या भावावर बोलणारे आज पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोललेच पाहिजे. आम्हाला थोडा वेळ हवा आहे तो बांधासाठी. पिकावर आपण बोलतो, पाण्यावर बोलतो, कर्जावर बोलतो. बांधावर बोलतो ते फक्त शेजाऱ्याशी भांडण झाले म्हणजे. शिंदखेडा, साक्री, पारोळा, चाळीसगाव, अमळनेर या बाजूच्या कोरडवाहू शिवारातून उन्हाळ्यात एक फेरी मारा. कोसभर चाललात तरी बैल बांधायला सावली सापडणार नाही, अशी शिवारे किती तरी आहेत. बाभळी जळणात गेल्या, औताच्या लाकडात गेल्या. नवीन लावल्या नाहीत. उरलेले बांध दरसाल कुणीतरी पेटवतो किंवा तणनाशक मारून मोकळे करतो.

याच बांधासाठी एका झाडाची माहिती आज द्यायची आहे. झाडाचे नाव रक्तरोहिडा. काही ठिकाणी नुसता रोहिडा म्हणतात. हे मूळचे वाळवंटी मुलखाचे झाड. राजस्थान, गुजरात, पंजाब, सिंध हा त्याचा खरा प्रदेश. आपल्या खानदेशातही धुळे-नंदुरबारच्या बाजूला ते रानात तुरळक आढळते. म्हणजे हे परदेशातून आणलेले नवे सोंग नाही. आपल्याच घरचा, पण विसरलेला गडी आहे.

चमत्काराचे झाड नव्हे

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ सांगतो. झाड म्हटले की शेतकऱ्याच्या मनात शंका येते आणि ती रास्त आहे. १९८० च्या दशकात सुबाभळीची लाट आली. चारा देईल, जळण देईल, कागदाला लाकूड देईल, असे सांगितले गेले. १९८८ च्या सुमारास देशात तिच्यावर शेंडे शोषणारी कीड आली आणि कोवळी पालवी काळवंडून गेली. पुढे २००३ साली नियोजन आयोगाच्या समितीने जैवइंधनाचा अहवाल दिला आणि गावोगाव जट्रोफा म्हणजे मोगली एरंडाची हवा झाली. पडीक जमिनीत, बिनपाण्याने, डिझेल पिकणार! प्रत्यक्षात बरडावर त्याला बिया धरेनात. ज्यांनी लावला त्यांना पुढे विचारायला कुणी आले नाही.

म्हणून रोहिड्याबद्दल आम्ही तसले काही बोलणार नाही. रोहिडा तुम्हाला पाच वर्षांत पैसा देणार नाही. दहा वर्षांतही देणार नाही. त्याचे लाकूड कामाजोगे जाड व्हायला तीस-चाळीस वर्षे लागतात. कुणी रोहिड्याची एकरी उत्पन्नाची पत्रके वाटू लागला, तर त्याच्याकडून रोप घेऊ नका. सलग शेतात, पिकाची जमीन अडवून हे झाड लावायचेच नाही. ज्या जागेवर आज काहीच येत नाही त्या जागेसाठी ते आहे.

मग लावायचे कशाला? कारण त्याला आपल्याकडून फार थोडे लागते. पहिले तीन उन्हाळे त्याला जपले की पुढे त्याच्यासाठी पाणी नाही, खत नाही, फवारणीचे कर्ज नाही. आणि नातवाच्या हाती जे लाकूड पडते त्याला मारवाडात 'मारवाडी सागवान' म्हणतात. घट्ट, टिकाऊ आणि कोरीवकामाला चांगले. तिकडची जुनी दारे, पेट्या, पलंग याच लाकडाचे आहेत.

झाड ओळखायचे कसे

नावाच्या सारखेपणामुळे फसगत होते. सातपुड्यात रोहण नावाचे मोठे झाड आहे, ते निराळे. आयुर्वेदात रोहितक म्हणतात, त्या नावाने तर दोन-तीन वेगवेगळ्या झाडांच्या साली विकल्या जातात. म्हणून नावावर जाऊ नका, झाड पाहा.

रक्तरोहिड्याचे पान साधे असते, लांबट, अरुंद, राखाडी हिरवे, आणि त्याच्या कडा लाटेसारख्या वरखाली झालेल्या असतात. रोहणाचे पान कडुनिंबासारखे अनेक पर्णिकांचे असते. एवढ्या एका खुणेवर दोघे वेगळे होतात. रोहिड्याच्या फांद्या टोकाला खाली झुकलेल्या दिसतात. फुले माघ-फाल्गुनात येतात, कर्ण्याच्या आकाराची, झुबक्याने. कुठे पिवळी, कुठे केशरी, कुठे लाल. रान सगळे वाळलेले असताना हे झाड पेटल्यासारखे दिसते. फुलात मध भरपूर असतो. बुलबुल, शिंजीर, मैना झाडावर गर्दी करतात. राजस्थान सरकारने १९८३ साली याच फुलाला राज्याचे फूल म्हणून मान दिला. फुलानंतर वीतभर लांब, बारीक, किंचित वाकडी शेंग धरते. तिच्यात कागदासारखे पंख असलेले हलके बी असते.

जमीन पाहून झाड

रोहिड्याला वाळवंटात वर्षाला १५० ते ५०० मिलिमीटर पाऊस पुरतो. धुळ्याच्या कोरड्या पट्ट्यातही त्याहून कमी पाऊस सहसा पडत नाही आणि जळगावात तर जास्तच पडतो. म्हणजे पावसाची अडचण नाही. भुसावळ-जळगावच्या ४५ अंशांच्या उन्हाचीही नाही. अडचण आहे ती आपल्या काळ्या जमिनीची. या झाडाच्या मुळाशी पाणी साचलेले चालत नाही. तापीकाठच्या खोल, चिकण काळ्या रानात श्रावणात आठ-आठ दिवस पाणी तुंबते. तिथे रोहिडा लावला तर तो पिवळा पडेल आणि मरेल. तिथे बाभूळच बरी. बाभळीला काळे रान मानवते, हे आपल्या आज्यापणज्यांना ठाऊक होते.

रोहिड्याची जागा म्हणजे मुरमाड बांध, बरड टेकाड, नाल्याची रेताड थडी, शेतरस्त्याची कड, विहिरीच्या मातीचा जुना ढिगारा. पाणी पडले की निथळून गेले पाहिजे, एवढीच त्याची अट. थोडक्यात, काळ्या रानाला बाभूळ, बरडाला रोहिडा.

दुसरा प्रश्न सावलीचा. बांधावरचे झाड पीक खाते, ही तक्रार खोटी नाही. रोहिड्याचा पसारा बाभळीइतका मोठा नसतो आणि मूळ खोल जाते. मारवाडात बाजरीच्या शेतात शमीबरोबर रोहिडाही उभा ठेवतात. तरीही खोडाजवळचे चार तास कमजोर राहणार, हे धरून चाला. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे असतो, म्हणून सावली उत्तरेला पडते. तुमच्या उत्तर बांधावर झाड लावले तर शेजाऱ्याची दादर सावलीत जाईल आणि त्याच्या मनात भांडणाचे बी पडेल. म्हणून सामाईक बांध टाळा. आपल्या स्वतःच्या आतल्या बांधावर, नाल्याकडेला किंवा रस्त्याच्या बाजूला लावा. दोन झाडांत पंधरा ते वीस फूट अंतर ठेवा.

बी आणि रोप

शेंगा उन्हाळ्यात पिकतात. त्या तडकून बी वाऱ्यावर उडून जाण्याच्या आधी, रंग तपकिरी होऊ लागला की तोडायच्या. सावलीत कापडावर पसरून वाळवायच्या. बी ताजेच चांगले. वर्ष उलटले की उगवण झपाट्याने घटते. म्हणून कुणी दोन वर्षांपूर्वीचे बी देऊ लागला तर घेऊ नका. या बियाला उकळते पाणी, आम्ल असली कोणतीही प्रक्रिया लागत नाही.

पिशवी लांब घ्या, निदान एक फुटाची, कारण मूळ सरळ खाली धावते. दोन भाग रेती, एक भाग माती, एक भाग कुजलेले शेणखत. बी अगदी वरवर पेरा, नखभर मातीखाली. खोल गेले की हलके बी वर येत नाही. झारीने पाणी द्या. एक-दोन आठवड्यांत उगवते. रोपे वाढीला लागली की पाणी कमी करा. घरातल्या माणसांना दया येते आणि रोज पाणी घातले जाते. त्याने कोवळे रोप बुडख्याशी सडते. दर महिन्याला पिशवी उचलून जागा बदला, नाहीतर मूळ पिशवी फाडून जमिनीत शिरते आणि उचलताना तुटते. रोप एक पावसाळा, एक हिवाळा, एक उन्हाळा पिशवीत काढू द्या आणि वर्षाचे झाल्यावर आषाढात लावा.

खड्डा दीड फूट लांब, रुंद, खोल. उन्हाळ्यात खणून तापू द्यायचा. भरताना शेणखताबरोबर मूठ-दोन मूठ निंबोळी पेंड टाकायची, कारण बरडावर वाळवी असतेच. भोवती आळे असे करा की पावसाचे पाणी येईल पण तुंबणार नाही. उतारावर असेल तर वरच्या बाजूने मोकळे आणि खालच्या बाजूने चंद्रकोरीसारखी माती लावा.

तीन उन्हाळ्यांचा हिशेब

आता हिशेब मांडू. एका शेतकऱ्याने दहाच झाडे लावली असे धरा. पहिल्या वर्षी कार्तिकापासून मृगापर्यंत पंधरवड्याला एकदा, झाडाला दहा लिटर. पंधरा पाळ्या झाल्या, म्हणजे झाडाला १५० लिटर, दहा झाडांना १५०० लिटर. दुसऱ्या वर्षी महिन्याला एकदाच, पण पंधरा लिटर. आठ पाळ्या, झाडाला १२० लिटर, दहांना १२०० लिटर. तिसऱ्या वर्षी फक्त भर उन्हाळ्याचे चार महिने, महिन्याला वीस लिटर. झाडाला ८० लिटर, दहांना ८०० लिटर. तीन वर्षांची बेरीज ३५०० लिटर. दोनशे लिटरची साडेसतरा पिंपे. एवढे पाणी बैलगाडीवरून फवारणीच्या पिंपाबरोबर जाऊ शकते. दरवर्षी पाणी कमी करत न्यायचे, म्हणजे मूळ खाली पाण्याच्या शोधात जाते. रोज थोडे-थोडे शिंपडले तर मूळ वरच राहते आणि पहिल्याच दुष्काळात झाड गळते.

ज्याला हेही जमत नसेल त्याने झाडाशेजारी जुना मातीचा माठ गळ्यापर्यंत पुरावा, भरून ठेवावा आणि वर झाकण ठेवावे. पाणी हळूहळू झिरपते, उडून जात नाही. भोवती दादरची धसकटे, गवत पसरावे, पण खोडापासून वीतभर दूर, नाहीतर वाळवी खोडावर चढते.

पाण्यापेक्षा मोठा धोका शेळीचा. रोहिड्याचा पाला शेळ्या-मेंढ्या आवडीने खातात. मोठ्या झाडाला ही गोष्ट फायद्याची आहे, कारण टंचाईत तो चारा होतो. रोपाला मात्र ते मरण. बोरीच्या किंवा बाभळीच्या काट्यांचे कुंपण पुरुषभर उंचीचे होईपर्यंत ठेवलेच पाहिजे. भोवती दगडांचे कडे करा, म्हणजे ट्रॅक्टरवाल्याला रोप दिसेल. शेत भाड्याच्या ट्रॅक्टरने नांगरले जाते आणि चालवणाऱ्याला बांधावरचे वीतभर रोप ठाऊक नसते. बांधावर तणनाशक मारणार असाल तर रोपाभोवतीचे गवत विळ्याने कापा. फवाऱ्याचा एक झोत वर्षाची मेहनत जाळतो. आणि बांध पेटवणे बंद करा, हे तर वेगळे सांगायला नको.

झाडाची खोड वाकडे वाढण्याची आहे. चार वर्षांपर्यंत एकच शेंडा सरळ ठेवा, खालच्या बारीक फांद्या पावसाळा संपल्यावर धारदार कात्रीने कापा. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त बोडके करू नका. मुळांपासून फुटवे येतात. जिथे माती वाहून जाते तिथे ते राहू द्या, इतर ठिकाणी काढा. पावसाळ्यात कधी भुंगेरे पाने चाळणीसारखी करतात. रोप लहान असेल तर पाच टक्के निंबोळी अर्क फवारा. मोठे झाड स्वतःच पुन्हा पालवते.

एक इशारा. रोहिड्याची साल यकृत-प्लीहेच्या औषधाला जाते म्हणून साल घेणारे फिरतात. खोडाभोवती पूर्ण कडे करून साल काढली की झाड उभ्याउभ्या वाळते. पंचवीस वर्षांचे झाड दोन पोती सालीसाठी देऊ नका. आणि घरच्या घरी काढा करून पिऊ नका. कोणत्या रोगाला, किती, हे वैद्याचे काम आहे.

लावणारा आणि तोडणारा

आता मूळ मुद्दा. ज्या मारवाडात रोहिड्याला एवढा मान आणि भाव, तिथे तो दाट झाला पाहिजे होता. झाले उलटे. लाकडाला मागणी आली तशी जुनी झाडे तुटत गेली. नवीन रोपे गुरांनी खाल्ली, ट्रॅक्टरने उपटली. हळू वाढणारे झाड एकदा गेले की एका पिढीत भरून येत नाही. तोडणारे पुष्कळ होते आणि लावणारे थोडे, एवढाच याचा अर्थ.

लावणारे थोडे का होतात, हे शहाण्यांनी शेतकऱ्याला विचारावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ चे कलम २५ म्हणते की धारण केलेल्या जमिनीतील झाडांवर हक्क जमीन धारण करणाऱ्याचा. आणि १९६४ चा झाडे तोडण्याचे नियमन करणारा कायदा म्हणतो की साग, चंदन, खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ, अंजन अशा यादीतले झाड आपल्याच शेतात असले तरी परवानगीशिवाय तोडायचे नाही. हक्क एका हाताने दिला आणि दुसऱ्या हाताने अडवला. अंजन तर आपल्या खानदेशच्या कोरड्या डोंगरांचे अस्सल झाड. पण बांधावर अंजनाचे रोप आपोआप उगवले, तर शेतकऱ्याने ते राखायचे की बोटभर असतानाच उपटायचे? ज्या झाडासाठी म्हातारपणी अर्ज घेऊन फिरावे लागेल ते झाड तरुणपणी कोण लावील? झाडे वाचवण्यासाठी केलेला नियम झाड लावणाऱ्याचाच हात धरतो.

रोहिडा १९६४ च्या त्या यादीत नाही. पण लाकूड गाडीत घालून गावाबाहेर न्यायचे म्हटले की वाहतुकीच्या परवान्याचा प्रश्न निराळा असतो. त्यामुळे आपण दोन कामे आजच करायची. पहिले, झाडाची नोंद. २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी मोबाईलवर सुरू झाली, त्यात बांधावरच्या झाडांची नोंद करण्याची सोय आहे. लावलेले झाड नोंदवा, दरवर्षी नोंदवा. तीस वर्षांनी हे झाड रानातून चोरून आणले की शेतात वाढवले, असे कुणी विचारले तर सातबारा बोलला पाहिजे. दुसरे, लावण्याआधी तालुक्याच्या वन कार्यालयात लेखी अर्ज देऊन विचारा की या झाडाची तोड आणि वाहतूक याला सध्या कोणता नियम लागू आहे. उत्तर लेखी घ्या आणि जपून ठेवा. तोंडी उत्तर अधिकाऱ्याच्या बदलीबरोबर बदलते.

आमची मागणी साधी आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या मालकीच्या जमिनीत लावून नोंदवलेले झाड, मग ते रोहिड्याचे असो की अंजनाचे, त्याने ज्वारीच्या कणसाइतक्या सहजपणे कापावे आणि विकावे. तसे झाले तर बांध हिरवे करायला कोणत्याही सप्ताहाची गरज पडणार नाही. वनमहोत्सव १९५० सालापासून साजरा होतो आहे आणि आपले बांध आपल्यासमोर आहेत.

१९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या म्हाताऱ्यांनी पाहिला. २०१८ च्या ऑक्टोबरात सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात जळगाव-धुळ्याचे तालुके होते, तो तरुणांनीही पाहिला. कपाशी एका खंडाने जाते, दादर ओल नसली तर उगवतच नाही. एखादी तरी गोष्ट शेतात अशी असावी की जी त्या सालाचा हिशेब विचारत नाही.

म्हणून पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन गोष्टी लिहून आणा. आपल्या शिवारात मुरमाड, निथळणारे बांध किती. रक्तरोहिड्याचे जुने झाड कुठे उभे आहे का, म्हणजे उन्हाळ्यात त्याच्या शेंगा राखता येतील. आणि झाड तोडण्याच्या परवानगीसाठी कुणाकुणाला किती हेलपाटे पडले. पहिल्या दोन यादींतून बी आणि जागा मिळेल. तिसरी यादी घेऊन आपण सगळे मिळून जिल्हाधिकाऱ्यांकडे जाऊ.